तळ्याकाठचे कीटक व त्यांवरील बुरशी
(शिवथर परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



महाडचे चवदार तळे १९२७ सालच्या सत्याग्रहामुळे इतिहासात अमर झाले. पाणी सर्वांचे आहे, हा धडा त्याने देशाला दिला. आज त्याच तळ्याच्या निमित्ताने सृष्टिज्ञानाचा एक धडा आपणांपुढे ठेवावयाचा आहे. हे तळे आता भर वस्तीत असून त्याचे काठ बांधीव आहेत. शिवथरकडील ओढ्यांना व डबक्यांना मात्र मातीचा, गवताळ काठ आढळतो. या दोन काठांत केवळ शोभेचाच भेद आहे काय?

चतुराची अळी पाण्यात वाढते आणि काठच्या काडीवर चढून कात टाकते. पाणभुंग्याची अळी ओल्या मातीत शिरून कोशावस्थेत जाते. काठ दगडी झाला की दोघांचाही आसरा तुटतो.

या कीटकांच्या अंगावर जगणाऱ्या बुरशीही असतात. पावसाळ्यात मेलेल्या किड्यावर पांढरा वा हिरवट थर आपण पाहिला असेल. रेशीमकिड्यांचा एक रोग अशाच बुरशीमुळे होतो, हे इटलीतील बास्सी यांनी १८३५ साली दाखविले. हिरव्या थराची बुरशी आज नारळावरील गेंडाभुंग्याविरुद्ध वापरतात. डासांच्या अळ्यांना मारणारी सीलोमोमायसीस नावाची बुरशी तर अधिकच विलक्षण आहे. तिचे निम्मे आयुष्य डासाच्या अळीत जाते व निम्मे पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीवात, हे १९७४ साली उघड झाले. ज्याच्यामुळे पूर्वी नारू पसरे, तो सायक्लॉप्स याच जीवांच्या गोत्रातला.

आता नगरवाढीचा परिणाम पाहू. सांडपाण्याने तळ्यातील प्राणवायू घटतो. चतुराच्या अळ्या व नाजूक जलचर कमी होतात. क्यूलेक्स डास मात्र घाण पाण्यातच माजतो. म्हणजे शत्रू जातात आणि उपद्रवी तेवढा उरतो. बुरशीचे बीजाणू रुजण्यास ओल लागते. फरसबंद काठ लवकर तापतो व सुकतो. शिवाय एका कीटकाची लागण दुसऱ्यास व्हावयाची, तर ते दाटीने असावे लागतात. कीटक विरळ झाले की ही साखळी तुटते. म्हणून कीटक नाहीसा होण्याआधीच त्याच्यावर जगणारी बुरशी नाहीशी होऊ शकते, आणि तिची कोणास वार्ताही लागत नाही.

बुरशीने डास हटतील, असा याचा अर्थ नव्हे. पाण्याची भांडी झाकणे व डबकी वाहती करणे हे उपाय चालूच ठेवावयाचे आहेत.

आपण एवढे करावे. पावसाळा ओसरल्यावर मातीचा एक व बांधीव एक काठ निवडावा. दोहोंची सारखीच लांबी, एकाच दिवशी, सारखाच वेळ पाहून कीटकांची नोंद मुलांकडून करवावी. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. मेलेल्या किड्यास हात लावू देऊ नये. ही वही दरवर्षी पुढे चालवावी. आणि गावात घाट बांधण्याचा विचार निघेल तेव्हा ती ग्रामसभेपुढे ठेवून सांगावे: घाट एका बाजूस बांधा, दुसरा काठ मातीचा राहू द्या.