गाणे कोठे टिपावे?



आपल्या हिंगोली जिल्ह्यात गाण्याला तोटा नाही. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, तेव्हा भजनाचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. गावोगाव पखवाज घुमतो, सप्ताहात वीणेचा पहारा लागतो. पिठाच्या गिरणीने जाते अडगळीत टाकले, तरी दळणाच्या ओव्या पाठ असलेल्या आज्या अजून आहेत. अडचण निराळीच आहे. हे गाणे नीट टिपून ठेवायचे म्हटले की लोक म्हणतात, "त्याला स्टुडिओ पाहिजे, अन् स्टुडिओ पडला शहरात!" दहा टाळकरी, पखवाज, पेटी आणि ऐंशी वर्षांची म्हातारी एवढी मंडळी घेऊन नांदेड गाठायचे, वर तासाचे भाडे भरायचे. मग "पुढच्या वर्षी बघू" असे ठरते. पुढच्या वर्षी ती म्हातारी असतेच असे नाही.

म्हणून आज एवढेच सांगायचे आहे की, चांगली जागा आपल्या गावातच सापडते. ती ओळखता मात्र आली पाहिजे.

गौहरजान यांच्या पहिल्या तबकड्या १९०२ साली कलकत्त्याला निघाल्या, त्या एका हॉटेलातल्या खोलीत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावी १९९६ साली बायकांच्या ओव्या टिपल्या गेल्या, त्या त्यांच्याच वस्तीत जाऊन. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी चालविलेल्या कामाचा तो भाग होता. त्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचे वादन १९९२ साली कॅलिफोर्नियात मुद्रित झाले, ते एका प्रार्थनागृहात. त्या तबकडीला १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

कोणी म्हणेल, मग आपले देऊळ काय वाईट? तंतुवाद्याच्या संथ आलापीला दगडी वास्तूचा घुमारा शोभतो. पण अभंगाचे शब्द आणि पखवाजाचे बोल त्यात एकमेकांवर चढतात. मी स्वतः एकदा एका सभामंडपात भजन टिपले. बसून ऐकताना मोठे गोड वाटले. घरी येऊन ऐकतो तो काय, एक शब्द धड कळेना!

याचे कारण अमेरिकेतल्या सॅबिन नावाच्या प्राध्यापकाने शोधून काढले. शाळेतल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिन रात्री, सगळीकडे शांत झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणी, एकेक वाढवून घुमारा किती घटतो ते मोजी, आणि सकाळपूर्वी त्या जागच्या जागी नेऊन ठेवी. त्यातून त्याने नियम बांधला. खोली जेवढी मोठी तेवढा घुमारा जास्त, आणि आवाज शोषणारे सामान जेवढे जास्त तेवढा घुमारा कमी. एक माणूस सुमारे सहा गाद्यांइतका आवाज शोषतो, असेही त्याला आढळले.

आता आपल्याकडे पाहू. जुने माळवदाचे घर असेल तर प्रथम तिकडे जावे. जाड मातीच्या भिंती बाहेरचा गलका अडवतात, वरच्या लाकडी तुळया आवाज विखुरतात, आणि धान्याची पोती व अंथरुणे उरलेला घुमारा शोषून घेतात. अशा माजघराला भाडे पडत नाही. माळवद नसेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेचा स्लॅबचा वर्ग रविवारी मागून घ्यावा. तिथल्या गुळगुळीत समोरासमोरच्या भिंतींत टाळी वाजवली तर तर्रर्र असा आवाज उमटतो. दोन भिंतींवर गोधड्या टांगा, पण भिंतीला चिकटवू नका. वीतभर अंतर ठेवा म्हणजे त्या अधिक काम करतात. जमिनीवर सतरंजी घाला आणि मंडळी थोडी तिरकी बसवा. पुन्हा टाळी वाजवून पाहा, फरक कानाला कळेल. पत्र्याची खोली मात्र शक्यतो टाळा. पावसात ती ताशासारखी वाजते आणि उन्हात तडतडते.

श्रोते बोलवायलाही हरकत नाही. पंधरावीस माणसे गप्प बसली तर सॅबिनच्या हिशेबाने शंभर गाद्या आल्याच, शिवाय गाणाऱ्याला हुरूप येतो. खोकला असणाऱ्यांनी तेवढे ओसरीवर बसावे.

वेळ निवडणे हे जागा निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दिवसा मोटारसायकली आणि ट्रॅक्टर; पावसाळा सरता सरता रातकिडे. माघ-फाल्गुनातली रात्र, दहानंतरची, सर्वांत चांगली. पंखा बंद, फ्रीज बंद, मोबाईलची घंटी बंद. त्या खोलीत आधी दोन मिनिटे नुसते गप्प बसून ऐका. जे ऐकू येईल ते सगळे गाण्यात उतरणार आहे.

औंढ्याची कथा आपल्याला ठाऊकच आहे. नामदेवांचे कीर्तन ऐकायला देऊळच फिरले. आपल्याच्याने देऊळ फिरायचे नाही, पण मायक्रोफोन फिरवता येतो. अंतर दुप्पट केले की गळ्यातून थेट येणारा आवाज चौथाईवर येतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून एकट्या गाणारीपासून मायक्रोफोन हातभर अंतरावर, जरा वरच्या बाजूस ठेवावा. भजनी मंडळात तो गायकाजवळ असावा. पखवाज चार हात दूर बसवावा आणि टाळकरी त्याच्याही मागे. मायक्रोफोन नसेल तर साधा मोबाईलही चालतो. तो हातात धरू नये, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवावा. खरे गाणे सुरू करण्यापूर्वी एक मिनिट टिपून ऐकावे, मगच पुढे जावे.

शेवटी गुरुजींना एक विनंती. गाणे टिपण्याआधी गाणाऱ्याची परवानगी घ्या आणि त्या गाण्याचे पुढे काय करणार ते स्पष्ट सांगा. गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि चाल कोणाकडून शिकली, हे त्यांच्याच आवाजात सुरुवातीला बोलवून घ्या. दोन प्रती करा, एक शाळेत, एक त्यांच्या घरी. नातवंडांना आजीचा आवाज घरातच मिळाला पाहिजे.

गावातल्या सर्वांत वृद्ध गाणाऱ्या बाईच्या घरी या आठवड्यात जा. सोबत काही नेऊ नका. गप्पा मारा, आणि उठता उठता माजघरात एक टाळी वाजवून पाहा. जागेचा शोध तिथेच संपेल, असे मला वाटते.