खालच्या अंगाचा पाणवठा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी आपण झालेल्या कामाचा हिशेब मांडतो. आज आणखी एक हिशेब मांडू या. आपण पितो त्या पाण्याचा आणि आपण टाकतो त्या कचऱ्याचा. कुणी म्हणेल, विहारात कचऱ्याची गोष्ट कशाला? पण ही विषमतेचीच गोष्ट आहे, म्हणून ती इथेच व्हायला हवी.

आपल्या वाडवडिलांनी गावचा पाणवठा पाहिला आहे. नदीच्या वरच्या अंगाला सवर्णांचा घाट, खालच्या अंगाला आपला. वरच्यांनी धुणी धुवावीत, गुरे धुवावीत आणि तेच पाणी आपण भरावे. तळ्याला तर हातही लावायचा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते तहान लागली म्हणून नव्हे. माणूस म्हणून आपण सारे समान आहोत, हे सिद्ध करण्यासाठी.

आता आपल्या मीरा-भाईंदरकडे पाहा. आपल्या नळाला वर्षानुवर्षे उल्हास नदीचे पाणी आले. तीच नदी पुढे खाडी होऊन आपल्या भाईंदरवरून समुद्राला जाते. वाटेत कल्याणजवळ वालधुनी नदी अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायन घेऊन तिला मिळते. वरच्या अंगाने सोडलेली घाण खालच्या अंगाच्या कोळी बांधवांच्या जाळ्यात येते. पाणवठा बदलला, रीत तीच राहिली!

आपल्या शहराची लोकसंख्या १९९१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास होती; २०११ च्या जनगणनेत ती आठ लाखांवर गेली. इमारती उठल्या, खाजणात भराव पडला, तिवरे तुटली. तिवरे भरतीचा जोर अडवतात, मासळीच्या पिलांना आसरा देतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सगळ्यांत जास्त हाल कुणाचे झाले? सखल भागातल्या चाळी-झोपड्यांचे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की तिवरांचा नाश हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. म्हणजे तिवराचे झाडसुद्धा बाबासाहेबांच्या घटनेच्या छायेत उभे आहे.

आणि आपला रोजचा कचरा? घंटागाडी आली, डबा रिकामा झाला, की आपल्यापुरता विषय संपला. पण तो कचरा जातो उत्तनच्या धावगी डोंगरावर. तिथल्या दुर्गंधीविरुद्ध, आगीच्या धुराविरुद्ध उत्तनचे गावकरी वर्षानुवर्षे आवाज उठवत आले आहेत. एके काळी खालच्या अंगाला आपण होतो. आज आपल्या खालच्या अंगाला कोण आहे, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारायचा आहे.

ही घाण उपसतो कोण? केंद्र सरकारने २०२१ साली राज्यसभेत आकडे दिले. हाताने मैला साफ करणाऱ्यांपैकी ज्या ४३,७९७ जणांच्या जातीची नोंद होती, त्यांतले ४२,५९४ अनुसूचित जातींचे निघाले. बंदीचा कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. तरी माणसे गटारात उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण गेलेला बाप तीस लाखांत परत येतो काय?

काही लोक म्हणतात, झोपडपट्टीने शहर घाण केले. ऑक्सफॅम संस्थेचा २०२० चा अहवाल सांगतो की १९९० ते २०१५ या काळात हवेत सोडलेल्या कर्बवायूपैकी ५२ टक्के जगातल्या सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांचा होता. गरीब निम्म्या जगाचा वाटा फक्त सात टक्के. तेव्हा गुन्हा सर्वांचा सारखा नाही. ज्याचा उपभोग मोठा, त्याची जबाबदारी मोठी. मात्र वाटा लहान म्हणून आपण सुटलो, असेही नाही.

तथागतांनी हिरव्या गवतावर आणि पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये, असा नियम भिक्खूंना घालून दिला. आणि राजगृहात झाडलोट करणाऱ्या सुनीताला त्यांनी संघात घेतले. निसर्गाची घाण करायची नाही आणि घाण काढणाऱ्याला नीच मानायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकाच धम्माच्या आहेत.

म्हणून आज तीन संकल्प करू या. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करू, म्हणजे दुसऱ्या कुणाला आपल्या उष्ट्यात हात घालावा लागणार नाही. आपल्या सोसायटीच्या, चाळीच्या मैलाटाकीत माणूस उतरू देणार नाही. यंत्राचाच आग्रह धरू. आणि तिवरांसाठी, उत्तनच्या गावकऱ्यांसाठी, सफाई कामगारांच्या हातमोजे-गमबूट आणि पूर्ण पगारासाठी निवेदन निघेल, तेव्हा त्यावर आपल्या वस्तीच्या सह्या असतील.

महाडला आपण पाण्यावरचा हक्क मिळवायला गेलो. आता त्या पाण्याची राखणही आपल्याकडेच आली आहे. खालच्या अंगाला कुणीच असता कामा नये, एवढेच सांगून थांबतो.

जय भीम! नमो बुद्धाय!