उमरेड : नगराचा कर आणि नगराचा कारभार



नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरवर वसलेल्या उमरेड नगरातील स्थानिक स्वराज्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. नागपूरला १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६७ साली, उमरेडलाही ती लाभली. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा सुप्रसिद्ध ठराव १८८२ चा. म्हणजे उमरेडची नगरपालिका त्याहून पंधरा वर्षांनी वडील. हा इतिहास मी केवळ अभिमानासाठी सांगत नाही. नगराचा पैसा कोठून येतो आणि त्याचा हिशेब कोण विचारतो, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार कसे बदलत गेले, हे आपणापुढे मांडावयाचे आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालील हा मुलूख १८५४ मध्ये इंग्रजी राज्यात गेला. मराठेकालीन किल्ला आणि कोष्टी विणकरांची रेशीमकाठी सुती वस्त्रे ही उमरेडची जुनी ओळख. १९०१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे १६,००० होती. पुढे १९०८ मध्ये नागपूर-नागभीड हा अरुंद रेल्वेमार्ग सुरू झाला. रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद होईपर्यंत तो या भागाच्या दळणवळणाचा एक आधार होता. १९६० नंतरच्या दशकात उघड्या कोळसाखाणीमुळे नगराचे रूप पालटले. विणकरांच्या गावात खाणकामगारांची वस्ती आली, बाजारपेठ वाढली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ५४,००० झाली होती.

कायद्याची चौकटही बदलत गेली. मध्य प्रांताच्या १९२२ च्या नगरपालिका अधिनियमानुसार येथील कारभार दीर्घकाळ चालला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांचे निरनिराळे कायदे एकत्र करून १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम करण्यात आला. लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे वर्ग ठरले. निर्वाचित सभा धोरण ठरवील आणि मुख्याधिकारी त्याची अंमलबजावणी करतील, अशी विभागणी झाली. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदांना संविधानात स्थान दिले, पाच वर्षांची मुदत ठरवून दिली आणि महिला व मागासवर्गीय यांच्यासाठी राखीव जागांची तरतूद केली. २०११ पासून महाराष्ट्रात महिलांचे आरक्षण निम्म्या जागांपर्यंत गेले.

अधिकार वाढले, स्वतःच्या उत्पन्नाचे मात्र तसे झाले नाही. १९९९ पर्यंत जकात हा राज्यातील नगरपरिषदांचा प्रमुख आधार होता. नाक्यावर गाड्या खोळंबत, व्यापारी कुरकुरत आणि त्या तक्रारीत तथ्यही होते. परंतु गावात येणाऱ्या मालावर गावाची नगरपरिषद कर घेते, हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत असे. जकात गेल्यावर तिच्या बदल्यात शासनाचे सहायक अनुदान आले. व्यापाराची अडचण दूर झाली, ही गोष्ट निश्चितच चांगली; पण नगराच्या तिजोरीत पडणारा पैसा नागरिकाच्या नजरेआड गेला. कोळशाचेही तसेच. खाण दाराशी असली तरी स्वामित्वधन राज्य शासनाकडे जमा होते. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांमार्फत खाणक्षेत्रासाठी निधीची स्वतंत्र तरतूद झाली. तथापि त्याचा विनियोग जिल्हा पातळीवर ठरतो.

जो पैसा वरून येतो, त्याचा हिशेब माणूस वरच मागतो. जो आपल्या घरातून जातो, त्याचा तो शेजारच्या नगरसेवकाला विचारतो. म्हणून मालमत्ता कर हा आज नगरपरिषद आणि नागरिक यांना जोडणारा सर्वांत बळकट धागा आहे. दर चार वर्षांनी होणारी कर आकारणी, तिच्या याद्यांची प्रसिद्धी, हरकती आणि सुनावणी यांकडे कंटाळवाणे कार्यालयीन काम म्हणून पाहिले जाते. वस्तुतः स्थानिक स्वराज्याचा तोच पहिला पाठ आहे. आकारणी पुढे ढकलणारा लोकप्रतिनिधी लोकप्रिय होईल, पण थोड्याच वर्षांत पाणीपुरवठा आणि सफाई यांसाठी त्याला अनुदानाची वाट पाहावी लागेल. २०२२ नंतर निवडणुका लांबल्याने राज्यातील अनेक नगरपरिषदा दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात अनेकांना त्याची उणीव फारशी भासली नसेल, तर ती चिंतेची खूण समजावी.

येथे आपणा प्रत्येकाला काही करता येईल. अधिकारी बंधूंनी अर्थसंकल्पाचा गोषवारा सोप्या मराठीत प्रत्येक प्रभागात लावावा. शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला तोच गोषवारा विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. दिवाबत्तीवर किती आणि शाळेवर किती, हे मुलांनी स्वतः शोधावे. पंचायत सदस्यांना एक विशेष विनंती आहे. नगराच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत नवी घरे उभी राहतात, तेव्हा रस्ता, गटार आणि पाणी यांचे प्रश्न हद्दीची रेषा मानीत नाहीत. हद्दवाढीच्या अधिसूचनेवर हरकती देण्याची वेळ येण्याआधीच ग्रामपंचायत आणि नगरपरिषद यांनी एकत्र बसावे.

१८६७ मध्ये नगरपालिका सरकारने दिली होती. आज ती आपली आहे, आणि ती आपली राहावयाची असेल, तर कर देणाऱ्याने हिशेब मागितला पाहिजे आणि हिशेब देणाऱ्याने कर मागताना संकोच करता कामा नये.