पोटाचा घेर



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरानं पोटाबद्दल बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. मलाही वाटलं.

सुरुवात माझ्यापासून करतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं. कंदमुळं नाहीत, व्यसन नाही. त्यामुळे मी निर्धास्त होतो. साठी उलटल्यावर एकदा शिवणाची टेप लावली, तर ९८ सेंटिमीटर! आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा मानतात. टेप बेंबीवर नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची. श्वास सोडायचा आणि पोट आत ओढायचं नाही. (सगळे ओढतात. मीही ओढलं होतं.) सूर्यास्ताआधी जेवत होतो खरा, पण दिवसभर खुर्चीत बसून, आणि ओळखीच्या प्रत्येक पेशंटबरोबर अर्धा कप चहा घेऊन.

वजनकाट्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सारखंच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपण हातापायांनी किडकिडीत आणि आतून चरबीदार. ही चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात साठली की इन्शुलिनचं काम अडतं, आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार पाठोपाठ येतात.

आता बायकांकडे वळतो, कारण खरं दुखणं तिथं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, शेकडा सुमारे ४० स्त्रियांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आढळला. पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. पाळी जाण्याच्या वयात चरबी पोटाकडे सरकते हे शरीराचं झालं. पण घराचं काय?

माझ्याकडे पन्नाशीच्या एक बाई आल्या. घेर ९६, साखर वाढलेली. मी नेहमीसारखं सांगितलं, गोड बंद करा, रोज चाला. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, कधी चालू? सकाळी डबे, दुपारी सासूबाईंची औषधं, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. हे व्हॅक्सिन डेपोला फिरायला जातात, मी आल्यावर चहा टाकते.” जेवण कधी, विचारलं. सगळ्यांचं झाल्यावर, तीन वाजता. आणि उरलेलं? “टाकायचं कसं?” दोन पोळ्यांची भूक असायची, पोटात चार जायच्या, वर नातवाच्या ताटातला शिरा.

अन्न टाकू नये हा संस्कार आमच्या जैन घरांत फार खोल आहे. तो मला प्रिय आहे. पण तो पाळण्याची जबाबदारी एकाच माणसाच्या पोटावर का?

पुढच्या वेळी मी त्यांच्या यजमानांना आणि मुलाला बोलावून घेतलं. कणीक मोजून भिजवायची, बाईंनी सगळ्यांबरोबर बारा-साडेबारालाच पानावर बसायचं, आणि संध्याकाळचा चहा यजमानांनी करायचा, त्या वेळात बाईंनी फिरून यायचं. यजमानांना हे पटायला तीन भेटी लागल्या. सहा महिन्यांनी घेर ९२ झाला. अजून बराच आहे. साखर मात्र उतरली.

दुकानदारांचं निराळं. कापडाच्या पेढीवर गादीवर बसून गिऱ्हाइकागणिक चहा. दहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ऐंशी ग्रॅम साखर नुसत्या आदरातिथ्यात. “आमचे आजोबा एवढंच तूप खात,” असं हे लोक ऐकवतात. आजोबा खांद्यावर गठ्ठे घेऊन आठवड्याचे बाजार करत होते, हे त्याच घरात विसरलेलं असतं. आणि कुंदा तेव्हा सणासुदीला यायचा. आता पाहुणा आला की येतो, पाहुणा निघाला की बांधून दिला जातो.

शेवटी माझ्या धंद्याचं. पोट कमी करण्यासाठी फायटोलॅका बेरीच्या गोळ्या लोक मागतात. मीही सुरुवातीच्या वर्षांत दिल्या. नुसत्या गोळ्यांनी घेर उतरलेला मी एकही पेशंट पाहिला नाही, म्हणून देणं बंद केलं. एक-दोन पेशंट त्यामुळे दुसरीकडे गेले.

माझा घेर सध्या ९३ आहे. दवाखान्यातला चहा बंद केला आहे. टेप आणली आहे, बाहेर टेबलावर ठेवतो. आधी घरातल्या बायकांचं मोजा.