तळ्यातले मैदान
(उत्सवातील व्याख्यान कार्यक्रमात केलेले भाषण)



मला व्याख्यानाचा सराव नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो तेव्हापासून बोलणे झाले ते गँगमनशी आणि कंत्राटदारांशी, आणि ते बोलणे या व्यासपीठावर चालणार नाही. पण कार्यक्रम समितीने "कोल्हापूरच्या फुटबॉलवर बोला" म्हटल्यावर नाही म्हणवले नाही. आपल्या हेब्बाळच्या मंडळात कोल्हापूर-सांगली-बेळगावकडची मंडळी पुष्कळ आहेत. माझे काही चुकले तर चहाच्या वेळी कान धरावा.

बाहेरच्या माणसाला पहिले कोडे पडते ते संघांच्या नावांचे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. नावे कुस्तीची आणि खेळ फुटबॉलचा! पण आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पेठेतली पोरे तालमीत जमायची, तांबड्या मातीत जोर-बैठका काढायची. त्याच पोरांनी बॉल लाथाडायला सुरुवात केली, मग नवे नाव कशाला शोधायचे? ज्या तालमीचा गणपती, त्याच तालमीचा संघ. सप्टेंबरात ज्या खांद्यांवर मूर्ती, डिसेंबरात त्याच खांद्यांवर गोल करणारा पोरगा.

कोल्हापूर शहर म्हणतात, पण एकेक पेठ म्हणजे एकेक गाव आहे. माझे आजोळ मंगळवार पेठेत आणि मावशी दिली शिवाजी पेठेत. दोन पेठांच्या संघांची मॅच असली की त्या दिवशी मावशी माहेरी यायची नाही. काका तर दोन दिवस फोन उचलत नसत. हा अभिमान कधीकधी हाताबाहेर जातो, हुल्लडबाजीमुळे सामने थांबवण्याची पाळी आलेली आहे, हेही मी इथे लपवत नाही. मी स्वतः लहानपणी गॅलरीतून जे ओरडलो ते आज माझ्या मुलाने ओरडलेले मला चालणार नाही.

खेळाला राजाश्रय होता. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, स्थापन झाली आणि पेठापेठांच्या चुरशीला शिस्तीची लीग मिळाली. २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. फुटबॉलच्या विश्वचषकात भारतीय संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या रात्री मी ड्युटीवर होतो. स्कोअर काय झाला ते विचारू नका, पण राष्ट्रगीताच्या वेळी आपल्या गावचे पोर उभे होते, एवढे मला पुरले.

आता मैदानाविषयी, कारण खरे तर मला त्याच्यावरच बोलायचे आहे. इटलीत मिलान शहरातले दोन मोठे क्लब एकाच मैदानाला आपले म्हणतात, याचे जगभर नवल करतात. आमच्याकडे अख्खी लीग एका मैदानावर! प्रत्येक मंडळाला तालमीची वास्तू आहे, गणपती आहे, झेंडा आहे, पण घरचे मैदान सगळ्यांचे मिळून एकच, राजर्षी शाहू स्टेडियम. शेजारीच १९१२ सालचे शाहू महाराजांचे खासबाग कुस्ती मैदान. सरावाला मात्र जिथे जागा मिळेल तिथे. आमच्या वाट्याला गांधी मैदान.

आणि या मैदानांची जन्मकथा ऐका. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे गाव. रावणेश्वराचे तळे बुजले, तिथे शाहू स्टेडियम झाले. वरुणतीर्थ बुजले, त्याचे गांधी मैदान झाले. कपिलतीर्थात आज भाजी मंडई भरते. पाटाकडील तालमीच्या तर नावातच पाण्याचा पाट आहे. लहानपणी जुलैत आम्ही गांधी मैदानावर गुडघाभर पाण्यात उभे राहून बॉल शोधत असू. आजी म्हणायची, "अरे, ते तळं आहे, त्याला वाटतं पाऊस आला म्हणजे आपल्या घरी पाहुणे आले." आम्ही हसायचो. पुढे डिप्लोमाला माती आणि भराव शिकलो तेव्हा कळले की म्हातारी बरोबर बोलत होती. सखल जागा तुम्ही कितीही भरा, आजूबाजूचे पाणी तिची वाट विसरत नाही. रुळाखालच्या भरावाला आम्ही तीसास एक असा उतार देतो तो उगाच नाही. पाणी साचले की माती मऊ, माती मऊ झाली की रूळ खचला. मैदानाचेही तसेच, फक्त तिथे रुळाच्या जागी पोरांचे पाय असतात.

इथे हेब्बाळला आपण नशीबवान. इथले तळे सांडपाण्याने भरले होते, तरी कोणी ते बुजवले नाही. इन्फोसिस फाउंडेशनच्या मदतीने ते पुन्हा जिवंत झाले. आपल्या मुलांना खेळायला मात्र कॉलनीतली एकच मोकळी जागा आहे, आणि दरवर्षी आपला मांडव तिथेच पडतो.

मागे एका वर्षी मांडवाचे काम माझ्याकडे होते. विसर्जन झाले, वासे निघाले, खड्डे आम्ही हाताने माती लोटून बुजवले आणि घरी जाऊन झोपलो. आठ दिवसांत पाऊस पडला, माती बसली, वरून गवत आले. शेजारच्या एका सहकाऱ्याचा मुलगा बॉलमागे धावताना त्यात पडला आणि घोट्याचे हाड मोडले. त्याची सगळी हिवाळी स्पर्धा प्लास्टरमध्ये गेली. त्याचे वडील मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. रुळाखालच्या भरावाचा थर चोपल्याशिवाय मी वर दुसरा थर टाकू देत नाही, आणि घरच्या मैदानावर मात्र घमेलेभर माती लोटून मोकळा झालो होतो.

म्हणून यंदा अध्यक्षांची परवानगी आधीच घेतली आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मुरूम येईल. सहा-सहा इंचाचा थर, पाणी मारून धुमसाने चोपायचा, मग पुढचा. दोन धुमस मी आणतो, घमेली आणि फावडी ज्याची त्याने आणावीत. खड्डे चौसष्ट आहेत, मी मोजले आहेत. आणि तो मुलगा त्या दिवशी येणार आहे, शेवटी मैदानावर धावून बघायला.

गणपती बाप्पा मोरया!