दर दहा मिनिटांनी दुप्पट

दुपारच्या पंगतीत मटणाचा रस्सा उरला आणि मोठे पातेले तसेच झाकून रात्रीसाठी ठेवले, तर आत काय घडते? बहुधा वास येत नाही, चवही बदलत नाही. म्हणून कोणी शंका घेत नाही. पण या प्रश्नाचा निवाडा नाकाने करायचा नसून घड्याळाने करायचा आहे. मी गणित शिकविणारा माणूस; तेव्हा आज एका जंतूच्या वाढीचा हिशेबच आपल्यापुढे मांडतो.

या जंतूचे नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. प्राणवायूवाचून जगणारे जंतू असतात, हे लुई पाश्चर यांनी १८६१ साली दाखवून दिले. हा त्यांच्याच जातीचा. मांसातली प्रथिने हे याचे आवडते खाद्य. प्रथिनाचा रेणू मोठा, तो सगळाच्या सगळा आत घेता येत नाही. म्हणून हा जंतू आपली एन्झाइमे बाहेर सोडतो, रेणूचे तुकडे करतो आणि मग ते तुकडे शोषून घेतो.

आता हवा न सोसणाऱ्या जीवाची वाढ मोजायची कशी? रॉबर्ट हंगेट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यास याची रीत बसवून दिली. पोषक द्रव उकळायचा, म्हणजे त्यात विरघळलेला प्राणवायू निघून जातो. वर कार्बन डायऑक्साइडचा झोत ठेवायचा आणि नळीला रबरी बूच घट्ट बसवायचे. द्रवात एक रंग घालतात. प्राणवायू शिरला की तो गुलाबी होऊन चहाडी करतो.

मग ठराविक मिनिटांनी थोडा थोडा नमुना काढायचा. द्रव किती गढुळला यावरून अंदाज येतो खरा. पण गढूळपणात मेलेले जंतूही आले आणि न विरघळलेले प्रथिनही आले. म्हणून नमुना दहापट, पुन्हा दहापट असा पातळ करीत नेतात, उगवलेले ठिपके मोजतात आणि उलट गुणाकार करतात. या आकड्यांचे लॉगरिदम आलेखावर मांडले, की आधी सपाट रेघ येते, मग सरळ चढ, मग पुन्हा सपाटी. त्या चढाच्या उतारावरून वाढीचा वेग निघतो.

या जंतूचा वेग थक्क करणारा आहे. सुमारे ४५ अंश सेंटिग्रेडला तो दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. ग्रॅममागे १,००० जंतू धरा. दहा वेळा दुप्पट केले की १०,२४,०००! वेळ लागला अवघी १०० मिनिटे. आणि ग्रॅममागे दहा लाखांच्या पुढे गेलेले जंतू पोटात जाऊन विष तयार करतात. पोटात कळा येतात, जुलाब होतात. धडधाकट माणूस बहुधा दिवसभरात सावरतो. म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना ते जड जाते.

आपण म्हणाल, रस्सा तर उकळला होता! उकळला, म्हणूनच तर धोका. याची बीजे उकळीतूनही वाचू शकतात, आणि उकळीने प्राणवायू मात्र निघून जातो. म्हणजे प्रयोगशाळेत जी नळी खटपटीने तयार करावी लागते, ती आपल्या पातेल्यात आयतीच तयार होते. पातेले जितके मोठे, तितके ते सावकाश निवते, आणि त्या कोमट तासांत ही दुपटी चालू राहते.

उपाय साधा आहे. अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर कढत ठेवा. नाहीतर पसरट भांड्यांत वाटून लवकर निववा आणि थंड कपाटात ठेवा. खाताना पुन्हा चांगली उकळी आणा. कोमट मात्र ठेवू नका.