न उठणारें यंत्र



ठाणें-कल्याण मार्गावर रोज जा-ये करणाऱ्या आपणांपैकीं कित्येकांना डोक्यावरील विजेच्या तारेचें स्थित्यंतर आठवत असेल. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईहून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. पुढें मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. तें काम २०१६ सालीं पुरें झालें. रूळ तेच, स्थानकें तींच. पण केवळ जुन्याच विजेसाठीं बांधलेलें इंजिन नव्या तारेखालीं निरुपयोगी. माझ्या आजच्या विषयाचें मर्म यांतच आहे.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. डोंबिवलींतील एका शाळेच्या कचेरींत विंडोज एक्सपीवर चालणारा एक जुना संगणक होता. त्यांत माजी विद्यार्थ्यांचें जनरल रजिस्टर उतरविलेलें होतें, आणि मूळ वह्या एका पावसाळ्यांत भिजून गेलेल्या. अशांत एक बाई जन्मतारखेच्या दाखल्यासाठीं आल्या. त्यांचें निवृत्तिवेतन त्या एका ओळीवर अडलें होतें. आणि संगणक तर मधूनमधून बंद पडूं लागलेला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें संगणकाच्या हार्डडिस्कची हुबेहूब प्रत काढून तिचें आभासी यंत्रांत रूपांतर केलें. आभासी यंत्र म्हणजे एका संगणकाच्या पोटांत आज्ञावलीनें निर्माण केलेला दुसरा संगणक. तो बिऱ्हाडकरूसारखा राहतो. मात्र त्याला वाटतें, सारें घर आपलेंच! कळ दाबली, तों काळ्या पडद्यावर डिस्क सांपडत नसल्याचें वाक्य उमटलें. बाई कांहीं बोलल्या नाहींत; पिशवी सांवरून बाकावर बसून राहिल्या.

मीं इतकेंच सांगितलें कीं, मूळ प्रतीला हात लावूं नकोस, दुसरी काढून तिच्यावर प्रयोग कर. पुढचें श्रेय त्याचें. जुने संगणक बायॉस नांवाच्या पद्धतीनें जागे होत, नवे यूईएफआय पद्धतीनें होतात. बायॉस डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यांतील आज्ञा वाचतो. यूईएफआय त्यासाठीं राखलेल्या निराळ्या विभागांत आरंभाची फाईल शोधतो. आमचें नवें यंत्र यूईएफआयचें मांडलें गेलें होतें, आणि जुन्या डिस्कवर तसा विभागच नव्हता. बायॉसचें यंत्र नव्यानें मांडून तीच डिस्क त्याला जोडली, तेव्हां एक्सपीचें चिन्ह दिसलें. पण क्षणभरच! यंत्र पुनःपुन्हा पहिल्यापासून सुरू होऊं लागलें.

येथें पुष्कळ लोक हताश होतात. आरंभींच एफ-८ ही कळ दाबून, बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू न होण्याचा पर्याय निवडला, म्हणजे निळा पडदा स्थिर राहतो. त्यावर शेवटीं ७बी असा आंकडा होता. त्याचा अर्थ, प्रणाली जागी झाली पण ज्या डिस्कवर ती स्वतः राहते तेथपर्यंत तिला पोंचतां येत नाहीं. डिस्क नव्या तऱ्हेच्या जोडणीवर टांगलेली, आणि तिच्याशीं बोलणारा ड्रायव्हर जुन्या एक्सपीपाशीं नाहीं. तारेची वीज बदलली, इंजिन जुनेंच! ती डिस्क जुन्या आयडीई जोडणीवर लावतांच यंत्र उठलें.

नव्या विंडोजला व्हर्टआयओसारखी जलद जोडणी हवी असेल, तर आधीं ओळखीच्या जोडणीवर यंत्र सुरू करावें, एक लहानशी रिकामी डिस्क नव्या जोडणीवर लावून ड्रायव्हर बसवावा, आणि मग मुख्य डिस्क हलवावी. लिनक्समध्यें बहुधा आरंभींच्या इनिट्रॅमएफएस नामक गांठोड्यांत हवा तो ड्रायव्हर नसतो. तें पुन्हा बांधावें लागतें. शिवाय तेथें एसडीए नांवाची डिस्क व्हीडीए होऊन बसते, म्हणून नांवाऐवजीं यूयूआयडी हा स्थिर क्रमांक लिहिणें बरें. आमच्या शाळेंतहि एका नांवाचे दोन विद्यार्थी असले कीं हजेरीक्रमांकच कामास येई.

एक्सपीला तिच्या निर्मात्यांचें साह्य ८ एप्रिल २०१४ रोजीं संपलें. म्हणून या यंत्राची इंटरनेट-जोडणी आम्ही तोडून ठेवली. रजिस्टर उघडलें, बाईंची ओळ सांपडली, आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला त्याच दुपारीं त्यांच्या हातीं पडला. संपूर्ण रजिस्टर आतां कागदावरहि छापून घेतलें आहे. तें यावेळीं वरच्या मजल्यावर ठेवलें आहे.